पावलांचा लेखनिक

गाणे संपले की सूर हवेत विरून जातात. परंतु ज्याला स्वरलेखन अवगत आहे, तो ते कागदावर जपून ठेवू शकतो. नृत्याचे भाग्य मात्र पूर्वी असे नव्हते. नाचणारी पिढी वृद्ध झाली की तिची पावले तिच्याबरोबरच लोप पावत. ही हानी ज्यांच्या मनाला लागली, त्यांत फ्रान्समधील एक वृद्ध धर्मोपदेशक होते. त्यांचे नाव जहाँ ताबूरो.

ताबूरो यांचा जन्म दिजाँ या नगरीत 1520 च्या सुमारास झाला. पुढे लांग्र या गावच्या मुख्य चर्चमध्ये ते धर्माधिकारी झाले. कालगणनेवरही त्यांनी एक ग्रंथ लिहिला. मोजणे आणि मांडणे हा त्यांचा स्वभावच होता.

त्या काळी स्त्रीपुरुषांनी हातात हात घालून नाचणे हा सभ्य समाजातील शिष्टाचार मानला जाई. पण ताबूरो यांच्या तरुणपणी जी नृत्ये घरोघर चालत, त्यांतील काही त्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडली. पावलांच्या नावांची आद्याक्षरे लिहून ठेवण्याची एक जुनी रीत होती. परंतु ज्याला ते पाऊल आधीच ठाऊक असेल, त्यालाच ती अक्षरे उलगडत. जाणकार गेला की अक्षरे मुकी होत.

सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना ताबूरो यांचा नृत्यावरील ग्रंथ लांग्र येथे 1589 साली छापून झाला. आपल्या नावातील अक्षरांची उलटापालट करून त्यांनी थ्वानो आर्बो हे टोपणनाव घेतले. ग्रंथाची रचना संवादाची आहे. काप्रिओल नावाचा तरुण कायदा शिकून परत येतो. तलवारबाजी आणि चेंडूफळीचे खेळ त्याला येतात. नाचता मात्र येत नाही, आणि त्यामुळे चारचौघांत त्याला खाली पाहावे लागते. तो प्रश्न विचारतो आणि वृद्ध गुरू शांतपणे उत्तरे देतात.

गुरू आरंभ करतात तो ढोलापासून. आपल्याकडील तबल्याच्या बोलांप्रमाणे ते ढोलाच्या आघातांना ‘तान’, ‘तेरे’, ‘फ्रे’ अशी नावे देतात. सैनिकांच्या कूचेसाठी आठ मात्रा. त्यांपैकी पाच वाजवायच्या, तीन रिकाम्या सोडायच्या. डावे पाऊल पहिल्या मात्रेवर, उजवे पाचव्या मात्रेवर. ताल समजल्यावाचून पाऊल समजत नाही, हे सूत्र असे पहिल्याच पाठात मनावर ठसते.

मग येते त्यांची खरी युक्ती. त्यांनी स्वरलेखन पानावर उभे छापविले आणि प्रत्येक स्वराच्या शेजारी त्या क्षणी टाकावयाचे पाऊल लिहिले. पावान या संथ नृत्यात जोडीने दोन साधी पावले टाकायची व एक दुहेरी. साध्या पावलाला दोन मात्रा लागतात आणि दुहेरीला चार, एकूण आठ. गायार्द या चपळ नृत्याला मात्रा सहा, पण पावले पाचच. चार मात्रांवर पाय आळीपाळीने पुढे उचलायचे, पाचवीला उडी घ्यायची आणि सहावीला जमिनीवर स्थिर उभे राहायचे. एक मात्रा हवेत जाते, म्हणून पावलांची बेरीज पाचच भरते!

धर्मसेवकाने नृत्यावर लिहावे, हे सर्वांनाच रुचणारे नव्हते. नृत्याला दोष देणारे पुष्कळ होते. ताबूरो यांनी त्यांची दखल घेतली आणि प्राचीन धर्मग्रंथांतील नृत्याचे दाखले पुढे ठेवले; पण हातातील काम टाकले नाही.

1595 साली त्यांचे देहावसान झाले. पुढे ती नृत्येही दरबारांतून नाहीशी झाली. ग्रंथ मात्र टिकला. 1925 साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि 1926 साली त्यातील चालींवर पीटर वॉरलॉक या इंग्रज संगीतकाराने काप्रिओलच्याच नावाने एक वाद्यरचना केली. जुनी नृत्ये शिकू इच्छिणारे लोक आजही तीच पाने उघडतात, मात्रा मोजतात आणि जोडीदाराचा हात धरून पहिले पाऊल टाकतात. जे आपल्याला येते ते दुसऱ्याला समजेल अशा रीतीने लिहून ठेवणे, हेही एक मोठे दानच होय.