बुरशीची बाजू घेणारे शास्त्रज्ञ

बुरशी म्हटलं की आपण नाक मुरडतो. भाकरीला बुरशी आली की आई ती टाकून देते. मलाही वाटायचं, बुरशी म्हणजे वाईटच. पण गुरुजींनी आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांची गोष्ट सांगितली आणि माझं मत बदललं.

फ्रँक यांचा जन्म १७ जानेवारी १८३९ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. ते मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. आधी त्यांनी दगडफुलासारख्या सजीवांचा अभ्यास केला. आपण मसाल्यात घालतो ना, त्या दगडफुलात बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात. असं एकत्र राहण्याला त्यांनी १८७७ मध्ये नाव दिलं. मराठीत त्याला सहजीवन म्हणतात.

पुढे ते बर्लिनच्या शेती महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिकडे ट्रफल नावाची अळंबी जमिनीखाली वाढते. ती फार महाग असते. तिची लागवड करता येईल का, हे बघायचं काम सरकारने त्यांना दिलं. लागवड काही साधली नाही. पण झाडांची मुळं तपासताना त्यांना नवल दिसलं. ओक, बीच अशा झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचं टोपडं होतं! तरी झाडं आजारी नव्हती, चांगली टवटवीत होती. १८८५ मध्ये त्यांनी या जोडीला मायकोरायझा, म्हणजे बुरशी-मूळ, असं नाव दिलं. बुरशी ही झाडाची दाई आहे, असं त्यांनी मांडलं.

बुरशीचे धागे मुळांपेक्षा खूप बारीक असतात. मूळ पोचत नाही तिथून ते पाणी, स्फुरद आणि नत्र आणतात. झाड पानात उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातली थोडी बुरशीला देतं. आजोबा सांगतात, पूर्वी गावात सुतार अवजारं करून द्यायचा आणि शेतकरी त्याला धान्य द्यायचा. अगदी तसंच हे आहे. आपल्या ज्वारी, तूर, कांद्याच्या मुळांतही अशी बुरशी असते, पण ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

पुष्कळ शास्त्रज्ञांना फ्रँक यांचं म्हणणं पटलं नाही. बुरशी रोगच करणार, असं त्यांना वाटे. मग फ्रँक यांनी पाइनची रोपं लावून पाहिली. काही रोपं साध्या मातीत लावली. काही तापवून बुरशी मारलेल्या मातीत लावली. साध्या मातीतली रोपं जास्त चांगली वाढली.

२७ सप्टेंबर १९०० रोजी बर्लिन येथे फ्रँक वारले. तोवर वाद मिटला नव्हता. १९५० मध्ये स्वीडनच्या मेलिन आणि निल्सन यांनी बुरशी पाइनच्या रोपाला स्फुरद पोचवते हे दाखवलं. १९५७ मध्ये झाडाची साखर बुरशीत जाते, हेही त्यांनीच दाखवलं. फ्रँक यांना ते बघायला मिळालं नाही, याचं मला वाईट वाटतं.

गेल्या पावसाळ्यात मी मिरचीचं रोप लावलं, तेव्हा मुळं स्वच्छ दिसावीत म्हणून सगळी माती झटकून टाकली होती. आजी रागावली होती. रोप दोन दिवसांत मान टाकून बसलं. बारीक मुळं तुटली असतील आणि त्यांची मैत्रीणही गेली असेल. आता मी रोप मातीच्या हुंडीसकट लावणार आहे. तुम्हीही तसंच लावा.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी