गाडीची दारं, काचा, टप काढून टाकले, फोर बाय फोरही नाकारली आणि या गड्याने लिबियाचं वाळवंट पार केलं

वाळवंटात न्यायची गाडी कशी पाहिजे? रील्स बघितल्या तर उत्तर ठरलेलं आहे. फोर बाय फोर पाहिजे, इंजिन दणकट पाहिजे, जाड नक्षीचे टायर पाहिजेत, टपावर कॅरियर आणि पुढे विंच पाहिजे. थोडक्यात काय, तर गाडीवर जेवढं चढवता येईल तेवढं चढवायचं.

पण वाळूत गाडी चालवण्याचं तंत्र ज्याच्यामुळे जगाला नीट समजलं, त्या माणसाने उलटाच रस्ता धरला होता. तो गाडीवर काही चढवण्याआधी काय काय उतरवता येईल ते बघायचा.

त्याचं नाव राल्फ बॅगनॉल्ड.

जन्म ३ एप्रिल १८९६, इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. वडील लष्करात इंजिनिअर होते. बहीण एनिड पुढे नामांकित लेखिका झाली. राल्फही १९१५ साली लष्कराच्या इंजिनिअर पथकात गेला आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत लढला. युद्ध संपल्यावर केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकला आणि परत लष्करात आला.

१९२६ साली त्याची बदली इजिप्तला झाली आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

सुट्टीत जायचं कुठे, तर वाळवंटात

कैरोतले इतर ब्रिटिश अधिकारी सुट्टीत पोलो खेळायचे, पार्ट्या करायचे. बॅगनॉल्ड आणि त्याचे मित्र मात्र पदरचे पैसे घालून फोर्ड मॉडेल टी गाड्या घ्यायचे आणि पश्चिमेला निघायचे.

पश्चिमेला होता वाळूचा महासागर, म्हणजे ‘ग्रेट सँड सी’. क्षेत्रफळ सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटर, जवळपास महाराष्ट्राचा पाव हिस्सा. शंभर मीटरपर्यंत उंच टेकड्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या. पाणी नाही, वस्ती नाही. त्या रांगा आडव्या ओलांडून गाडी नेता येईल, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

इथे गाडी बंद पडली तर मेकॅनिक येणार नव्हता. पाणी संपायच्या आत गाडी चालू झाली नाही, तर विषय संपला. त्यामुळे गाडीतला प्रत्येक बदल हा जगण्या-मरण्याचा हिशोब होता.

पहिला नियम: वजन उतरवा

बॅगनॉल्डने गाडीची मूळ बॉडी काढली आणि मागे हलकी लाकडी पेटी बसवली. दारं, काचा, टप, सगळं गेलं. वाचलेल्या वजनाच्या जागी पेट्रोल आणि पाणी घेतलं.

यामागचं गणित सोपं आहे. गाडी जड असली की चाक खोल जातं. चाक खोल गेलं की इंजिनला जास्त जोर लावावा लागतो. जोर लावला की पेट्रोल जास्त लागतं. आणि जास्त पेट्रोल सोबत घेतलं की गाडी आणखी जड होते.

दुसरा नियम: टायरमधली हवा सोडा

रस्त्यावर कमी हवा म्हणजे दुखणं, वाळूत तेच औषध. हवा कमी केली की टायर पसरतो आणि जमिनीला टेकणारा भाग लांब होतो. तेच वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक वाळूत घुसण्याऐवजी वरून तरंगत जातं. खोल नक्षीचा टायर मऊ वाळूत उलट खड्डा खणतो. मात्र कडक जमीन लागली की हवा परत भरावी लागते, नाहीतर टायर तापून फाटतो.

एवढं करूनही गाडी रुतायचीच. त्यासाठी बॅगनॉल्डने कैरोच्या एका भंगारवाल्याकडून लांब पोलादी पन्हळी आणल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी वापरलेलं हे सामान होतं. मागच्या चाकांपुढची वाळू हाताने उकरायची, पन्हळ खाली सरकवायची, सगळ्यांनी धक्का मारायचा. चाकाला पकड मिळाली की गाडी सुटायची.

तिसरा नियम: पाण्याचा थेंब वाया घालवू नका

त्या काळातल्या गाड्यांचं रेडिएटर सारखं उकळायचं आणि वाफ उडून जायची. म्हणजे माणसांचं पाणी गाडीच पिऊन टाकणार.

यावर उपाय म्हणून बॅगनॉल्डने रेडिएटरचं तोंड हवाबंद केलं आणि वाफेची नळी बाजूला बांधलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ डब्यात जाऊन पुन्हा पाणी व्हायची. डबाही उकळायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. रेडिएटर थंड झालं की आत पोकळी तयार व्हायची आणि डब्यातलं पाणी आपोआप परत ओढलं जायचं.

दिशेचाही प्रश्न होता. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकायचं. म्हणून त्याने सूर्य-होकायंत्र बसवलं. अंशांच्या खुणा असलेली तबकडी आणि मधोमध उभी सुई. सुईच्या सावलीवरून चालत्या गाडीतही दिशा कळायची. रात्री ताऱ्यांवरून जागा पक्की करायची.

यातल्या काही कल्पना पहिल्या महायुद्धातल्या फोर्ड पथकांनीही वापरल्या होत्या. बॅगनॉल्डने त्या सुधारल्या, एकत्र आणल्या आणि त्यांच्या भरवशावर कुणी जात नव्हतं तिथे गेला. टेकडीला घाबरून हळू गेलं तर गाडी रुतते, वेगात सरळ भिडलं तर चढते, हेही या मोहिमांत कळलं. पण माथ्यावर थांबायचं भान हवं, कारण पलीकडचा उतार एकदम तुटलेला असू शकतो.

मध्यंतरी त्याची नेमणूक भारतात वायव्य सरहद्दीवर झाली, पण डोक्यातलं वाळवंट गेलं नाही. १९२९, १९३० आणि १९३२ साली त्याने मोठ्या मोहिमा काढल्या. १९३२ मध्ये लिबियाचं वाळवंट पूर्वेकडून पश्चिमेकडे पार झालं. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

१९३५ साली तो लष्करातून निवृत्त झाला आणि वाळूच्या मागे लागला. वाऱ्याने वाळूचा कण कसा उडतो, टेकडी कशी तयार होते, हे बघायला त्याने स्वतः वाऱ्याचा बोगदा बांधला. त्यावरचं त्याचं पुस्तक १९४१ मध्ये आलं आणि या विषयाचा पाया ठरलं.

आणि मग युद्ध आलं

१९३९ साली त्याला परत बोलावलं आणि पूर्व आफ्रिकेला पाठवलं. पण भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठी ते इजिप्तच्या पोर्ट सैदला थांबलं. बॅगनॉल्ड रेल्वेने कैरोला पोहोचला आणि जनरल वेव्हेल यांनी त्याला तिथेच ठेवून घेतलं.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. लिबियातलं इटलीचं सैन्य ब्रिटिशांपेक्षा कितीतरी मोठं होतं. दक्षिणेच्या वाळवंटातून ते नाईलपर्यंत आले तर कळणारसुद्धा नाही, अशी अवस्था. बॅगनॉल्डने वाळवंटात खोलवर टेहळणी करणाऱ्या पथकाचा प्रस्ताव दिला. वेव्हेल यांनी होकार दिला आणि तयारीला मुदत दिली सहा आठवडे.

यातूनच पुढे गाजलेला ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा राहिला. माणसं बहुतेक न्यूझीलंडची. गाड्या होत्या शेवरोलेचे सुमारे दीड टनी ट्रक, काही कंपनीकडून घेतलेले, काही इजिप्तच्या लष्कराकडून मागून आणलेले.

आणि हे ट्रक फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारे होते. मुद्दाम तसे निवडले होते, कारण ते हलके होते आणि पेट्रोल कमी पीत होते. मग जुनंच तंत्र आलं. दारं-काचा काढल्या, पाटे वाढवले, रुंद टायर, पाण्याचा डबा, पन्हळी आणि सूर्य-होकायंत्र.

११ जानेवारी १९४१ रोजी पथकाने फ्रेंच साथीदारांसोबत मुरझुकवर छापा टाकला आणि तिथली विमानं जाळली. कैरोपासून हे ठिकाण सरळ रेषेतसुद्धा १,७०० किलोमीटरच्या आसपास. इतक्या आतून कुणी येईल, अशी इटालियन लोकांची अपेक्षाच नव्हती.

त्याच वर्षी पथकाला फोर्डचे फोर बाय फोर ट्रक मिळाले. पकड चांगली होती, पण गाडी जड आणि पेट्रोल दुप्पट. म्हणजे एका खेपेत जाता येणारं अंतरच कमी झालं. १९४२ मध्ये पथक परत दोन चाकांवर चालणाऱ्या शेवरोलेकडे वळलं.

याचा अर्थ फोर बाय फोर वाईट असा नाही. आजच्या गाड्या वेगळ्या आहेत आणि दोन-चार तासांच्या फेरीत पेट्रोलचा तेवढा प्रश्न येत नाही. पण त्या पथकाला वाटेत पंप नव्हता. किती लांब जायचं आणि परत यायचं, यावर गाडी ठरत होती.

बॅगनॉल्डने १९४१ च्या ऑगस्टमध्ये पथकाची सूत्रं गाय प्रेंडरगास्टकडे दिली. युद्धानंतर तो पुन्हा संशोधनाकडे वळला. १९७७ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, पृथ्वी आणि मंगळावरच्या वाळवंटांवरच्या नासाच्या परिषदेत त्याने भाषण दिलं. २८ मे १९९० रोजी, ९४ व्या वर्षी तो गेला.

२०१५ च्या शेवटी नासाची क्युरिऑसिटी गाडी मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचली. त्या टेकड्यांना बॅगनॉल्डचं नाव दिलेलं आहे.

आणि इकडे पृथ्वीवर, जैसलमेर असो नाहीतर दुबई, वाळू सुरू झाली की जाणकार ड्रायव्हर आधी खाली उतरतो आणि चारही टायरमधली हवा कमी करतो. गाडी कितीही महागडी असली तरी.