शपथ न घेणारे गणिती : ओगुस्तँ-लुई कोशी

आपल्या धर्मग्रामातली जी मुले-मुली बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंग करतात त्यांच्या पुस्तकांत एक नाव हटकून सापडते : कॉशी. कॉशी सिक्वेन्स, कॉशीचे प्रमेय, कॉशी-ऑयलर इक्वेशन. फ्रेंच उच्चाराप्रमाणे ते कोशी. परीक्षेच्या आदल्या रात्री या नावाने बोटे मोडणाऱ्या मुलांना बहुधा ठाऊक नसते की हे गृहस्थ निष्ठावंत कॅथलिक होते, आणि आपल्याकडे अनेक धर्मग्रामांत जी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी काम करते तिचे ते पॅरिसमधल्या सुरुवातीच्या काळातले सभासद होते.

कोशींचा जन्म पॅरिसमध्ये २१ ऑगस्ट १७८९ रोजी झाला. बास्तीयचा तुरुंग फोडला जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. वडील जुन्या राजवटीतले सरकारी अधिकारी, म्हणून जिवाला धोका. कुटुंब पॅरिसजवळच्या आर्केय गावी जाऊन राहिले. खाण्यापिण्याचे हाल झाले, पण वडिलांनी मुलांचा अभ्यास घरीच चालू ठेवला. पुढे दिवस पालटले, वडिलांना पुन्हा चांगले पद मिळाले आणि घरी लाप्लास, लाग्रांज असे नामवंत गणिती येऊ लागले. मुलाची बुद्धी पाहून लाग्रांज यांनी वडिलांना एक सल्ला दिला, तो आजच्या क्लासवाल्यांना पटणार नाही : याला इतक्यात गणिताची मोठी पुस्तके देऊ नका, आधी भाषा पक्की करा. वडिलांनी ऐकले. मुलाने लॅटिन-ग्रीकमध्ये बक्षिसे मिळवली आणि मग १८०५ मध्ये इकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला.

१८१० मध्ये हा तरुण इंजिनीअर नेपोलियनच्या शेरबूर बंदराच्या कामावर गेला. सामानात चारच पुस्तके महत्त्वाची होती : लाप्लास यांचे खगोलयांत्रिकीवरचे, लाग्रांज यांचे फलनांवरचे, कवी व्हर्जिल, आणि थॉमस अ केम्पिस यांचे ‘ख्रिस्ताचे अनुकरण’. दिवसभर बंदर, रात्री गणित. तब्येत ढासळली, ते पॅरिसला परतले आणि गणिताचेच झाले.

त्यांच्या कामातला एकच धागा इथे घेतो. डिफरन्शियल इक्वेशन, मराठीत अवकल समीकरण, हे एखादी गोष्ट कशी बदलते आहे एवढेच सांगते; ती कुठे पोचेल हे आपण काढायचे. लहान मुलाचा झोका घ्या. झोके लहान आहेत आणि झोका आपला आपण झुलतो आहे, तर समीकरणाच्या उजव्या बाजूला शून्य. बाहेरून कुणी धक्के देऊ लागले की ते धक्के उजव्या बाजूला येऊन बसतात. अशा समीकरणाला मुले नॉन-होमोजिनियस म्हणतात. आता झोका चालू असतानाच कुणी दोरीची लांबीही बदलतो आहे असे समजा. मग समीकरणातले सहगुणकसुद्धा स्थिर राहत नाहीत, वेळेप्रमाणे बदलतात. इथे पाठ केलेल्या युक्त्या संपतात. बहुतेक वेळा उत्तर ओळखीच्या सूत्रांत मांडताच येत नाही.

लाग्रांज यांनी यावर तोड काढली होती : आधी धक्के नसलेल्या समीकरणाची उत्तरे घ्यायची, आणि त्यांतल्या स्थिरांकांना बदलू द्यायचे. कोशींच्या नावाने जी रीत शिकवतात ती मला स्वतःला अधिक सोपी वाटते. सततचा जोर म्हणजे बारीक टिचक्यांची रांग समजा. प्रत्येक टिचकी त्या क्षणी झोक्याला थोडा वेग देते, पुढे झोका आपला आपण जातो. प्रत्येक टिचकीने झालेली हालचाल वेगळी काढायची आणि शेवटी सर्वांची बेरीज, म्हणजे इंटिग्रेशन, करायची. दोरी बदलती असेल तर पहिल्या मिनिटाची टिचकी आणि पाचव्या मिनिटाची टिचकी सारखे फळ देत नाहीत, म्हणून प्रत्येकीची वेळ लक्षात ठेवावी लागते. एवढे सांभाळले की बेरीज बरोबर येते.

पण धक्के नसलेल्या झोक्याचेच उत्तर हाती लागले नाही तर? कोशींचे मोठेपण इथे आहे. त्यांच्या आधीचे गणिती उत्तर शोधत. उत्तर आहे का, आणि एकच आहे का, हे आधी सिद्ध करायला हवे असा आग्रह कोशींनी धरला. सुरुवातीची जागा आणि वेग पक्के करा, थोडे पुढे जा, तिथे दिशा पाहा, पुन्हा थोडे पुढे जा. ही पायऱ्यापायऱ्यांची चाल ऑयलर यांची, १७६८ मधली. पायऱ्या बारीक करत गेले की ती एकाच खऱ्या उत्तराकडे सरकते, हे कोणत्या अटींवर घडते ते कोशींनी १८२० च्या दशकात पॉलिटेक्निकमध्ये शिकवताना सिद्ध केले. मुलांना ही व्याख्याने फार जड वाटत. इंजिनीअर होणाऱ्यांना एवढ्या सिद्धता कशाला, अशी तक्रार संस्थेतही होती.

१८३० च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये पुन्हा क्रांती झाली. राजे दहावे चार्ल्स गेले, लुई-फिलिप आले, आणि सरकारी प्राध्यापकांनी नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. बहुतेकांनी घेतली. कोशींनी आधीच्या राजाला शपथ दिली होती. ती मोडायला त्यांचे मन तयार होईना. नोकऱ्या गेल्या. पत्नी आणि दोन लहान मुलींना पॅरिसमध्ये ठेवून ते देशाबाहेर पडले. स्वित्झर्लंड, तुरिन, आणि १८३३ पासून प्रागमध्ये पदच्युत राजाच्या नातवाचे शिक्षक. नातवाला गणिताचा कंटाळा! पत्नी-मुली प्रागला आल्या त्या १८३४ मध्ये. १८३८ मध्ये ते पॅरिसला परतले तरी शपथेची अडचण होतीच. १८३९ मध्ये एका सरकारी वैज्ञानिक मंडळावर त्यांची निवड झाली, पण शपथ नाही म्हणून नेमणूक मंजूर झाली नाही. १८४८ मध्ये शपथच रद्द झाली तेव्हा कुठे विद्यापीठाची दारे उघडली. १८५२ मध्ये शपथ परत आली आणि कोशींनी पुन्हा शिकवणे थांबवले. पुढे तिसऱ्या नेपोलियनने त्यांना सूट दिली. त्यानंतरचा पगार त्यांनी सो या आपल्या गावच्या गरिबांना दिला, असे चरित्रकार लिहितात.

त्यांना संत ठरवायची घाई मात्र नको. स्वभाव ताठर, आणि नव्या मुलांकडे लक्ष कमी. नॉर्वेचा गरीब तरुण निल्स आबेल याने १८२६ मध्ये पॅरिसच्या अकादमीला एक थोर निबंध दिला. तो तपासायचे काम लजांद्र आणि कोशी यांच्याकडे होते. कागद पडून राहिले. आबेल १८२९ मध्ये सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेला. निबंध छापला गेला १८४१ मध्ये. गाल्वा या दुसऱ्या तरुणाचे कागद कोशींनी हरवले अशी कथा सांगतात, ती तितकी खरी नाही : जानेवारी १८३० मध्ये ते काम अकादमीपुढे मांडण्याचा त्यांचा बेत होता आणि त्या दिवशी ते आजारी पडले, हे त्यांच्या पत्रावरून दिसते. पण पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःचे काम वाचले, गाल्वाचे नाही. स्वतःच्या शपथेसाठी घरदार सोडणाऱ्या माणसाकडून दुसऱ्याच्या कागदांबाबत हे घडावे, याचे मला आजही वाईट वाटते.

२३ मे १८५७ रोजी सो येथे, वयाच्या ६७ व्या वर्षी कोशी वारले. जवळपास आठशे शोधनिबंध त्यांनी मागे ठेवले. पॉलिटेक्निकच्या मुलांना जड गेलेल्या त्या अवकल समीकरणांवरील व्याख्यानांचे कागद मात्र विस्मृतीत गेले होते. ते पुस्तकरूपाने छापले गेले १९८१ मध्ये.