वॉल्टर टल: अनाथाश्रमातलं पोरगं, नामांकित फुटबॉलपटू अन् लष्करी अधिकारी

फुटबॉलच्या मैदानात नाव कमावून पहिल्या महायुद्धात शहीद झालेले वॉल्टर टल यांचं आयुष्य भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोरानं वाचावं असं आहे.

टल यांचा जन्म २८ एप्रिल १८८८ रोजी इंग्लंडमधल्या फोकस्टोन गावी झाला. वडील वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरचे, धंद्यानं सुतार. आजोबा गुलामगिरीत राबलेले. आई मात्र इंग्लंडचीच, गोरी. १८९५ मध्ये आई गेली, दोन वर्षांनी वडीलही गेले. सावत्र आईला एवढी लेकरं सांभाळणं झेपेना. वॉल्टर आणि भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात आले. पुढं एडवर्डला एका कुटुंबानं दत्तक घेतलं, तो दाताचा डॉक्टर झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला, छपाईचं काम शिकला अन् फुटबॉल खेळत राहिला.

१९०९ मध्ये टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या मोठ्या क्लबनं त्यांना संघात घेतलं. तिथं तेव्हा काळ्या वर्णाचे खेळाडू बोटावर मोजण्याइतकेच होते. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांनी रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. टल शांतपणे खेळत राहिले. पण थोड्याच दिवसांत पहिल्या संघातून बाजूला केलं गेलं ते त्यांनाच. १९११ मध्ये ते नॉर्दम्प्टन टाउन क्लबकडे गेले आणि तिथं शंभरावर सामने खेळले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. डिसेंबरात टल फुटबॉलपटूंच्या खास पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले अन् सार्जंटपर्यंत चढले. १९१६ मध्ये लढाईच्या ताणानं मनावर परिणाम झाला, उपचारासाठी इंग्लंडला पाठवलं. बरे होऊन ते पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर गेले.

युरोपीय वंशाचा नसेल त्याला अधिकारी करायचं नाही, असा ब्रिटिश लष्कराचा नियम होता. आपल्याकडचा शिपाईसुद्धा तेव्हा कितीही पराक्रम केला तरी सहसा सुभेदार-मेजरच्या वर जात नसे. तरीही टल यांची निवड झाली आणि ३० मे १९१७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. आता गोरे शिपाई त्यांच्या हुकमाखाली होते. १९१८ च्या सुरुवातीला इटलीत त्यांनी २६ जवान घेऊन रात्री थंडगार पियावे नदी ओलांडली, शत्रूच्या हद्दीत शिरले आणि सगळ्यांना सुखरूप परत आणलं. वरिष्ठांनी त्यांची लेखी वाखाणणी केली.

२५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये जर्मनांच्या मोठ्या हल्ल्यात गोळी लागून ते पडले. वय अवघं २९. सोबतच्या शिपायांनी त्यांचा देह आणण्याची धडपड केली, पण गोळीबारात जमलं नाही. त्यांची कबर कुठंच नाही. फ्रान्समधल्या अरास स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, आणि १९९९ मध्ये नॉर्दम्प्टनच्या मैदानाजवळही त्यांचं स्मारक उभं राहिलं.

वॉल्टर टल यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!