दगडांची भावकी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील विहिरी फोडायच्या कामावर जातात. सुरुंगाने निघालेला दगड पाहताच हा काळा पाषाण, हा मांजऱ्या, असे ते सांगतात. बी. ए.ला नाव घातल्यापासून दगड त्यांचे आणि पुस्तके माझी, अशी वाटणी मी मनाशी करून टाकली होती. हेन्री स्टीफन्स वॉशिंग्टन यांचे चरित्र वाचले आणि ती वाटणी मोडली.

वॉशिंग्टन यांचा जन्म १८६७ साली अमेरिकेतील न्यूअर्क येथे झाला. १८८६ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते ग्रीसमध्ये प्राचीन अवशेषांच्या उत्खननात रमले. म्हणजे आपल्या कलाशाखेच्याच वाटेने निघालेले! पण जमिनीखालचे अवशेष शोधता शोधता जमिनीचीच ओढ लागली. १८९३ मध्ये त्यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे डॉक्टरेट मिळवली आणि पुढे अग्निज खडकांचे रासायनिक पृथक्करण हेच त्यांचे जीवनकार्य झाले.

एका प्रदेशातले अग्निज खडक दिसायला निरनिराळे असले, तरी त्यांच्या रासायनिक घटकांत पुष्कळदा घराण्याचे साम्य आढळते. खडकांच्या अशा प्रांताची कल्पना जॉन जड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये मांडली होती. वॉशिंग्टन यांनी तिला आकड्यांचा आधार दिला. इटलीत बोल्सेना सरोवरापासून व्हेसुव्हियसपर्यंतच्या ज्वालामुखींचे खडक त्यांनी तपासले. त्या सर्वांत पोटॅशचे प्रमाण विशेष होते. ही सारी एकाच शिलारसाची भावकी, असे त्यांनी १९०६ च्या ग्रंथात दाखवले. त्या काळी एक नमुना विरघळवून, गाळून, वजन करून तपासायला कित्येक दिवस लागत. १९१७ मध्ये तर त्यांनी जगभरच्या पाच हजारांहून अधिक पृथक्करणांचा संग्रह प्रसिद्ध केला.

आणि १९२२ मध्ये त्यांनी लिहिले ते आपल्या दख्खनच्या दगडावर! लाखो चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या काळ्या बेसाल्टमध्ये लोहाचे प्रमाण भरपूर असून त्याची घडण बरीचशी एकसारखी आहे, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या पठाराशीही त्यांनी त्याची तुलना केली. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले.

बी. ए. करून पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरी अजून सुटलेला नाही. परवा मी हे सारे वडिलांना वाचून दाखवले. ते कामासाठी पाच जिल्हे फिरले आहेत. सगळीकडे घणाखाली दगड सारखाच वाजतो, हे आपल्याला ठाऊक होते, पण ते का, हे मात्र आज कळले, असे ते म्हणाले. मग त्यांनी मला ते पान पुन्हा वाचायला लावले.