विश्लेषण : नशेशिवाय गिटार वाजेल का? स्टीव्ही रे वॉन व्यसनातून कसा सावरला?

नशा केल्याशिवाय कला फुलत नाही, हा समज रॉक संगीतात खोलवर रुजलेला आहे. अमेरिकी गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यालाही हीच धास्ती होती. १९८६ मध्ये तो मरणाच्या दारातून परतला आणि पुढच्या जेमतेम चार वर्षांत त्याने हा समज खोटा ठरवला.

स्टीव्ही रे वॉन कोण होता?
जन्म १९५४ चा, टेक्सासमधील डॅलस शहरातला. थोरला भाऊ जिमीचे पाहून तो लहानपणीच गिटार वाजवू लागला. शाळा अर्धवट सोडून त्याने ऑस्टिन गाठले. तेथे त्याचा 'डबल ट्रबल' हा बँड उभा राहिला. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो महोत्सवात काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. पण डेव्हिड बोवी प्रभावित झाला. बोवीच्या 'लेट्स डान्स' अल्बममध्ये वॉनची गिटार वाजली. जॅक्सन ब्राउनने आपला स्टुडिओ विनामूल्य दिला आणि १९८३ मध्ये 'टेक्सास फ्लड' हा पहिला अल्बम आला.

व्यसन किती गंभीर होते?
यशासोबत व्हिस्की आणि कोकेनही वाढत गेले. ऑगस्ट १९८६ मध्ये वडील गेले. ते दुःख ताजे असतानाच तो युरोप दौऱ्यावर निघाला. सप्टेंबरअखेर जर्मनीत त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या आणि तो कोसळला. दौरा अर्धवट सोडून लंडनमध्ये उपचार सुरू झाले.

सहकलाकारांनी काय केले?
लंडनच्या रुग्णालयात एरिक क्लॅप्टन त्याला भेटायला गेला. हेरॉइन आणि दारू, दोन्हींशी क्लॅप्टन स्वतः झुंजला होता. त्याची दारू कायमची सुटली ती त्यानंतर वर्षभराने. पुढे वॉन अटलांटातील व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहिला. त्याच वेळी बँडचा बासवादक टॉमी शॅनन ऑस्टिनमध्ये उपचार घेत होता. त्यामुळे मंचावर परतताना वॉन एकटा नव्हता. शेजारी तीच लढाई लढणारा सोबती होता. दारू सोडलेला जुना मित्र डॉइल ब्रॅमहॉल याच्यासह त्याने नवी गाणी लिहिली.

नशेशिवाय वादन कसे झाले?
नोव्हेंबर १९८६ मध्ये वॉन पुन्हा मंचावर उभा राहिला. नशा न करता वाजवता येईल का, ही भीती मनात होतीच. तिचे उत्तर १९८९ च्या 'इन स्टेप' अल्बमने दिले. हे नाव व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांकडे बोट दाखवणारे होते आणि गाण्यांत सावरण्याची कहाणी होती. या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

अखेर कशी झाली?
२६ ऑगस्ट १९९० रोजी विस्कॉन्सिनमधील मैफलीच्या शेवटी वॉन, क्लॅप्टन, बडी गाय, रॉबर्ट क्रे आणि भाऊ जिमी एकत्र वाजवले. मध्यरात्रीनंतर धुक्यात उडालेले हेलिकॉप्टर टेकडीवर आदळले. त्यात वॉनसह पाच जणांचा मृत्यू झाला. तो ३५ वर्षांचा होता. जिमीसोबत केलेला 'फॅमिली स्टाइल' हा अल्बम महिनाभराने प्रसिद्ध झाला. क्लॅप्टनने १९९८ मध्ये अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. वॉनचे शेवटचे दोन्ही अल्बम मात्र पूर्ण शुद्धीत वाजवलेले आहेत.