वनस्पतींची हजेरी मांडणारा अभियंता

सह्याद्रीच्या कुशीत उगवणारे एखादे झाड इथले मूळचे की बाहेरून आलेले, असा प्रश्न पडला की अभ्यासकांचा हात आजही शंभर वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथाकडे वळतो. तो लिहिणारे थिओडोर कुक मूळचे स्थापत्य अभियंता होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

आयर्लंडमधील ट्रामोर येथे 1836 मध्ये कुक यांचा जन्म झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण पूर्ण करून 1860 मध्ये ते भारतात आले आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत रुजू झाले. वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. 1865 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. पुढे कॉलेज ऑफ सायन्स म्हणून ओळखल्या गेलेल्या याच संस्थेतून, कुक यांच्याच कारकिर्दीत, 1883 मध्ये विश्वेश्वरय्या पदवीधर झाले.

प्राचार्यपद सांभाळतानाच कुक यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींच्या सर्वेक्षणाची धुरा उचलली. 1893 मध्ये निवृत्त होऊन ते इंग्लंडला परतले. मात्र विश्रांती न घेता क्यू येथील उद्यानात त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाचे काम आरंभले. 1901 ते 1908 या काळात तो भागाभागांनी प्रसिद्ध झाला. प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वर्णन, आढळस्थान, फुलण्याचा काळ व स्थानिक नाव त्यात नोंदलेले आहे. नमुने गोळा करणाऱ्या रानडे, कानिटकर, भिवा यांची नावेही पानोपानी भेटतात. पिवळ्या धोतऱ्यासारख्या अमेरिकेतून आलेल्या तणांनाही त्यात स्थान आहे. 1910 मध्ये क्यू येथे कुक यांचे निधन झाले.

या हजेरीपटाचे खरे मोल पुढे कळले. पन्नाशीच्या दशकात पुण्यातील कचऱ्याच्या ढिगांवर गाजराच्या पानांसारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले एक रोप दिसू लागले. कुक यांच्या ग्रंथात ते नव्हते. अर्थात, ग्रंथातील अनुपस्थिती हा केवळ इशारा असतो. फुलाची बारकाईने तपासणी आणि जतन केलेल्या नमुन्यांशी तुलना झाल्यावरच नाव पक्के होते. 1956 मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या वनस्पतीची भारतातील नवी नोंद म्हणून माहिती प्रसिद्ध केली. हेच ते गाजर गवत. त्वचेचे व श्वसनाचे विकार जडवणारे हे तण पुढे देशभर पसरले.

नाव निश्चित झाल्यावाचून बंदोबस्त अशक्य असतो. शेजारच्या कर्नाटकाने 1975 मध्ये गाजर गवत उपद्रवी तण म्हणून जाहीर केले, ते नावानिशी. 1984 मध्ये ते खाणारा भुंगा मेक्सिकोहून आणला गेला. असा कीटक सोडताना तण नेमके कोणते आणि त्याचे जवळचे आप्त कोणते, हे ठाऊक नसेल तर उपाय पिकांवरच उलटण्याचा धोका असतो.

कुक यांनी गाजर गवत कधी नोंदवले नाही. तरी ते परके आहे हे ओळखण्याची मोजपट्टी मात्र त्यांनीच मागे ठेवली होती. पाहुणा कोण हे ठरवायचे, तर आधी घरातल्या माणसांची यादी हाताशी असावी लागते. पूल बांधणाऱ्या या अभियंत्याने तीच चोख लिहून ठेवली.